विंडोज ११: अट वेगळी, कुवत वेगळी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तुमची घाई समजते. रूफसने पेनड्राइव्ह बनवला की टीपीएम २.० ची तपासणी गळते आणि सातव्या पिढीच्या इंटेलवरही विंडोज ११ छान बसतं. मग मायक्रोसॉफ्टची यादी यंत्राची कुवत मोजते की नुसतं धोरण राबवते? मला तरी ती पटत नाही. पण कोअर २ ड्युओची गोष्ट निराळी: २४एच२ आवृत्तीला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीच, तिथे रूफसची मात्रा चालत नाही. यूट्यूबवरचे बरेच जण दोन्ही एकाच माळेत ओवतात. शिवाय अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. प्रबंधाचा डेटा त्याच डिस्कवर असेल, तर आधी बॅकअप घ्या. सबमिशन तोंडावर असेल तर हात लावू नका.