प्लासिबो गटातलेही सुधारले, त्याचं काय?

जर्नल क्लबला सेल थेरपी हा विषय आला की बरेच जण २००२ चा ‘लॅन्सेट’मधला जपानी पेपर उचलतात. पायाच्या धमन्या इतक्या तुंबलेल्या, की बसल्या जागी पाय ठणकतो, जखमा भरत नाहीत आणि पाय कापायची वेळ येऊ शकते, असे हे रुग्ण. त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पोटरीच्या स्नायूत टोचल्या. त्यातून नव्या रक्तवाहिन्या फुटतील ही अपेक्षा. चार आठवड्यांत घोट्याजवळचा रक्तदाब वाढला, दुखणं कमी झालं. पेपर गाजला.

आता मेथड्स सावकाश वाचा. पहिल्या गटात २५ रुग्ण: पेशी जास्त खराब पायात आणि सलाईन कमी खराब पायात! जो पाय मुळात बरा आहे त्यात सुधारायला जागा किती? मला तरी ही तुलना वाटत नाही. दुसरा गट जास्त चोख आहे. २२ रुग्ण, दोन्ही पाय आजारी. कुठल्या पायात मज्जेतल्या पेशी आणि कुठल्या पायात रक्तातल्या, हे रँडम पद्धतीने ठरवलं. तिथे मज्जेतल्या पेशी सरस ठरल्या, हे मान्य करायलाच हवं. पण पाय वाचतो का, याचं उत्तर २२ माणसांवरून मिळत नाही.

ते शोधलं नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या ‘जुव्हेन्टास’ ट्रायलने (२०१५, ‘सर्क्युलेशन’). १६० रुग्ण, डबल-ब्लाइंड, तीन-तीन आठवड्यांनी तीनदा धमनीतून पेशी किंवा प्लासिबो. सहा महिन्यांत पाय कापावा लागला: पेशी गटात १९ टक्के, प्लासिबो गटात १३ टक्के. (यावरून ‘पेशींनी नुकसान केलं’ म्हणू नका, फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही.) माझ्या मते खरी बातमी पुढे आहे. वेदना, रक्तदाबाचा निर्देशांक, त्वचेतला ऑक्सिजन, जीवनमान हे सगळं दोन्ही गटांत सुधारलं, जवळपास सारखंच. म्हणजे प्लासिबो गट नसता, तर हीच ट्रायल ‘यशस्वी’ म्हणून छापून आली असती!

असं का होतं? रुग्ण ट्रायलमध्ये येतो तो दुखणं शिगेला असताना. तिथून थोडं खाली येणं ठरलेलंच. शिवाय जखमेची निगा, औषधं, तपासण्या जास्त नेटाने होतात. आणि पाय कापायचा निर्णय माणूस घेतो. कोणाला पेशी मिळाल्या हे त्या डॉक्टरला माहीत असेल, तर तो आणखी आठवडाभर थांबू शकतो.

‘जुव्हेन्टास’वर एक आक्षेप रास्त आहे: धमनीच बंद, तर तिच्यातून सोडलेल्या पेशी पोचणार कशा? स्नायूत टोचणं वेगळं ठरू शकतं. पण २०१७ च्या रिगाटो यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये सगळ्या रँडमाइज्ड ट्रायल्स एकत्र धरल्या तर पाय कापण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी दिसतो, आणि फक्त प्लासिबोवाल्या धरल्या की तो फायदा टिकत नाही.

आपल्याकडची बर्गर आजारावरची २०१७ ची ट्रायल याच चष्म्यातून वाचा. ९० रुग्ण, रँडमायझेशन नाही, ब्लाइंडिंग नाही, तुलनेच्या गटात फक्त १८. त्यात बर्गर हा विडी-सिगारेटशी घट्ट जोडलेला आजार. तंबाखू सुटली तरी पाय वाचण्याची शक्यता वाढते. मग कुठल्या गटातल्या किती जणांची तंबाखू सुटली, हा आकडा मी आधी शोधेन.