नाताळच्या कथांतील हेरोद

डिसेंबर लागला कीं 'नाताळचा खरा अर्थ' सांगणाऱ्या कथांना बहर येतो. त्यांचा सांचा वाचकांस परिचित आहे : थंडीनें कुडकुडणारें अनाथ मूल, एखादा कृपण धनिक, मध्यरात्रीची घंटा, आणि शेवटीं दोघांच्याही डोळ्यांत पाणी. हें पाणी खोटें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण तें फार स्वस्तांत मिळतें.

या कथांचें मूळपीठ म्हणजे डिकन्सची 1843 मधील 'ए ख्रिसमस कॅरल'. अनुकरण करणाऱ्यांनीं स्क्रूजचें हृदयपरिवर्तन तेवढें उचललें. कारकून क्रॅचिटचा आठवड्याचा पंधरा शिलिंग पगार मात्र मागेंच ठेविला. वस्तुतः डिकन्सच्या मनांत प्रथम कथा नव्हतीच. राबणाऱ्या मुलांविषयींचा सरकारी अहवाल वाचून तो एक पत्रक काढणार होता. पत्रकापेक्षां कथेचा घाव खोल बसेल असें वाटून त्यानें बेत बदलला. जिला आपण हृदयस्पर्शी म्हणतों ती कथा जन्मतःच एक फिर्याद होती.

मूळ शुभवर्तमानांत तर गोडवा आणखीच कमी. लूक बादशाही शिरगणतीची आज्ञा सांगतो, उतारशाळेंत जागा नव्हती हें सांगतो. मत्तय त्यापुढें जाऊन हेरोदानें केलेली बालहत्या आणि त्या कुटुंबाचें मिसर देशांतील पलायन वर्णितो. आमच्या कथालेखकांच्या गव्हाणीभोंवतीं मेंढपाळ असतात, गाय-गाढव असतात; हेरोद तेवढा गैरहजर!

शिवाय या कथांत बर्फ पडतो. वसईच्या पानमळ्यांत आणि केळीच्या बागांत बर्फ कोठून आणावा? (जन्मभर इंग्रजी शिकविणारानें हें विचारावें यांत थोडा विनोद आहे, हें कबूल.) फादर स्टीफन्स स्वतः इंग्रज, पण 1616 सालीं छापलेल्या 'ख्रिस्तपुराणांत' त्यानें ओवी पत्करली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलें. परकीयाला जें साधलें तें घरच्या लेखकाला कां साधूं नये?

वसईकर लेखकाला विषय शोधावयास दूर जावें लागत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें, आणि हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें येथील पाणी व हिरवाई यांसाठीं लढाही दिला. त्यांच्या ठिकाणीं ग्रंथ आणि गांव एकत्र आले. आमच्या नाताळकथेंत ते अद्याप आलेले नाहींत. जो बागाईतदार वाडी विकासकाला विकून त्याच पैशांतून अंगणांत मोठा गोठा मांडतो, त्याची कथा कोणीं लिहिली? आणि याहूनही अवघड कथा निराळीच आहे. नालासोपारा-विरारकडे रोज नवीं माणसें खोली शोधीत येतात. त्यांच्यासाठीं इमारती उठल्या तर वाड्या जातात, विहिरी आटतात. न उठल्या तर त्यांना जागा नाहीं. वाडी राखणारा भूमिपुत्र आणि दाराशीं उभें असलेलें तें गर्भवती स्त्रीचें कुटुंब, दोघेही खरे. त्या रात्रीं दार कोण उघडतो, आणि उघडल्यावर घरांत काय बोलणें होतें, तें आम्हांला वाचावयाचें आहे.