मराठी दूरचित्रवाणीवरील बालकार्यक्रम : प्रवाह आणि अनुकरण

प्रस्तावना :
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील 'किलबिल' हा कार्यक्रम आणि ना. धों. ताम्हनकर यांच्या कथांवर आधारित 'गोट्या' ही मालिका यांचा अपेक्षित प्रेक्षक बालक हाच होता. खाजगी वाहिन्यांच्या काळात बालक प्रेक्षकाच्या जागेवरून उठून मंचावर आला. प्रस्तुत लेखात झी मराठीवरील 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' या कार्यक्रमाच्या आधारे या स्थित्यंतरातील अनुकरणाचा विचार केला आहे.

अनुकरणाचे तीन स्तर :
पहिला स्तर आराखड्याचा होय. हिंदी झी वाहिनीवर १९९५ मध्ये सुरू झालेली प्रौढांची गायनस्पर्धा पुढे बालकांसाठी बेतली गेली आणि २००८-०९ मध्ये तो साचा मराठीत आला. परीक्षक, गुण आणि स्पर्धेतून बाद होणे ही प्रौढ स्पर्धेची सर्व अंगे त्यात कायम राहिली.

दुसरा स्तर आशयाचा आहे. अभंग, नाट्यगीत, भावगीत व लावणी हे गीतप्रकार बालकंठातून ऐकू आले. मात्र कौतुकाचा निकष 'मोठ्यांसारखे गाणे' हाच राहिला. मराठीत समृद्ध बालगीतपरंपरा असूनही ती येथे दुय्यम ठरली. असे असले तरी या पर्वाचे श्रेय नाकारता येत नाही. आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे आणि पनवेल ज्या जिल्ह्यात आहे त्याच रायगडमधील अलिबागची मुग्धा वैशंपायन यांच्यामुळे महानगरांबाहेरील गुणवत्ता घरोघरी पोहोचली.

तिसरा स्तर स्वानुकरणाचा आहे. २०२१ च्या पर्वात पूर्वीचेच पाच अंतिम स्पर्धक परीक्षकांच्या आसनावर बसले. येथे कार्यक्रम स्वतःच्याच गतयशाची पुनरावृत्ती करतो.

निष्कर्ष :
बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर २०१७ च्या नियमांनी बालकलावंतांचे काम दिवसाला ५ तासांपर्यंत मर्यादित केले. कायदा बालकाचे श्रम मोजू शकतो. त्याच्या तोंडी कोणते गीत द्यावे हे तो ठरवू शकत नाही. ती जबाबदारी निर्माते, पालक व शिक्षक यांची आहे. बालकांनी केलेला कार्यक्रम आणि बालकांसाठी केलेला कार्यक्रम यांतील भेद लोपल्याने मराठी बालप्रेक्षक मात्र आपल्या हक्काच्या कार्यक्रमास पारखा होत आहे.