शिलाई की रफू? हौशी पॅनोरमांविषयी थोडं

(पिंपळगाव बसवंत इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



बाहेरच्या व्हरांड्यात हौशी मंडळींनी काढलेले तीन पॅनोरमे लावले आहेत. आत येताना आपण ते पाहिले असतीलच. एक सातमाळ्याच्या रांगेचा, दुसरा द्राक्षबागेचा, तिसरा बाजार समितीच्या आवारातल्या कांदा लिलावाचा. तिन्ही मेहनतीने केलेले आहेत. पण आम्हाला आज त्यांचं नुसतं कौतुक करायचं नाही. कौतुक व्हरांड्यातच होऊन गेलं. इथे प्रश्न असा आहे की हे चित्र आपल्याला काय सांगतं, आणि सांगता सांगता काय लपवतं.

आधी थोडा इतिहास पाहू. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली या प्रकाराचं पेटंट घेतलं. पुढे १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. प्रेक्षक मधोमध उभा राहायचा आणि चित्र त्याच्या चहूबाजूंनी असायचं. पॅनोरमा हा शब्द ग्रीक मुळांवरून घडवलेला, अर्थ ‘सगळं दिसणं’. हे ‘सगळं’ नीट लक्षात ठेवा, भांडण त्याच शब्दाशी आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टरने काढलेला त्या लढाईचा प्रचंड पॅनोरमा लंडनकर पैसे देऊन बघत होते. १८५७च्या उठावानंतर, १८५८ साली, फेलिचे बेआतोने उद्ध्वस्त लखनौचे फोटो काढले आणि अनेक छायाचित्रं शेजारी शेजारी जोडून शहराची लांबच लांब चित्रं केली. म्हणजे ‘सगळं’ बघण्याची ही हौस सुरुवातीपासून निरागस नव्हती. उंचावर उभं राहून सगळं बघायला मिळणं हा बहुतेक वेळा जिंकणाऱ्याचा मान असतो.

आता तो मान खिशात आला आहे. १९९८ साली हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी ‘पॅनोरमा टूल्स’ नावाची आज्ञावली मोकळी करून दिली. २००३ च्या सुमारास मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लोव यांनी दोन फोटोंमधल्या समान खुणा संगणकाने आपोआप ओळखून फोटो जोडण्याची रीत दाखवली. २०११-१२ पासून ती सोय मोबाइलमध्येच आली. आज द्राक्षबागेतला पोरगा बांधावर उभा राहून अर्ध्या मिनिटात पॅनोरमा काढतो. हे चांगलंच झालं. पण साधन सोपं झालं की त्याच्यातला विचार दिसेनासा होतो. तो पुन्हा दिसावा एवढ्यासाठी आजचं बोलणं.

पहिलं चित्र बघा. सातमाळ्याची रांग. डावीकडे सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, मधे धोडप, पुढे कांचना, राजदेहेर, इंद्राई, आणि उजव्या टोकाला चांदवड. प्रत्येक शिखराखाली नाव लिहिलं आहे. हे चित्र उत्तम आहे, आणि ते उत्तम का आहे हे समजून घेण्यासारखं आहे. धोडप इथून वीस किलोमीटरहून दूर आहे. फोटो काढणाऱ्याचा हात फूटभर इकडेतिकडे सरकला तरी त्या डोंगराला काही फरक पडत नाही. डोंगर हलत नाही, घाई करत नाही. सकाळी सुरू करून दुपारी संपवलंत तर उजेड बदलेल, रांग तीच राहील. जोड कुठे आहे ते सापडत नाही, आणि सापडायचं कारणही नाही. शिवाय नावांमुळे चित्राला ज्ञानाचं मोल आलं. रोज दिसणारी रांग या गावातल्या कित्येकांनी पहिल्यांदा नावानिशी पाहिली असेल.

दुसरं चित्र द्राक्षबागेचं. इथे गंमत सुरू होते. नाकासमोर बोट धरा आणि एकेक डोळा आलटून पालटून मिटा. बोट उड्या मारतं, मागची भिंत जागच्या जागी. जवळची वस्तू आपण जरा हललो तरी सरकते, लांबची सरकत नाही. हौशी माणूस हात लांब करून फोन धरतो आणि स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे फोन हातभर त्रिज्येचं वर्तुळ काढतो, आणि मांडवाचा खांब एका फोटोत घडाच्या डावीकडे तर दुसऱ्यात उजवीकडे. मग आज्ञावलीने जोडायचं कसं? त्यात बागेतल्या ओळी सगळ्या सारख्या. तिसरा खांब आणि चौथा खांब यांत यंत्राची गल्लत होते. व्हरांड्यातल्या चित्रात एक तार मधेच तुटून वितभर वर पुन्हा सुरू झाली आहे, ती यामुळे.

यावर उपाय जुना आहे. फोनला गवंड्याचा ओळंबा बांधा, जमिनीवर खूण करा, आणि ओळंबा खुणेवरून न हलवता फिरा. म्हणजे फोनभोवती आपण फिरायचं, आपल्याभोवती फोन फिरवायचा नाही. दर दोन फोटोंत तिसरा हिस्सा तरी समाईक ठेवा. उजेडाचं माप एकदाच ठरवून कायम करा, नाहीतर आकाशाला पट्टे पडतात. एवढं केलंत तर तार जुळेल. म्हणजे इथला दोष कसबाचा आहे, आणि कसबाचा दोष सरावाने जातो.

तिसऱ्या चित्राचा दोष मात्र सरावाने जाणार नाही. उलट जितका सराव वाढेल तितका तो दोष पक्का होईल. म्हणून त्याच्याशी जरा थांबू.

कांटने १७८१ च्या आपल्या मुख्य ग्रंथात दोन साधी उदाहरणं दिली आहेत. आपण घर बघतो तेव्हा आधी छप्पर पाहू, मग पाया, किंवा उलट. पाहणं एकामागून एक होतं, पण घराचे भाग एकाच वेळी असतात. क्रम उलटा केला तरी घर तेच. दुसरं उदाहरण प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेचं. ती आधी वर दिसते, मग खाली. हा क्रम आपल्याला उलटवता येत नाही, कारण तो आपल्या नजरेचा क्रम नसून घटनेचा क्रम आहे.

आता बघा, पॅनोरमा काढणं म्हणजे एकामागून एक पाहणं, आणि पॅनोरमा जोडणं म्हणजे ‘हे सगळं एकाच वेळी होतं’ असं जाहीर करणं. म्हणजे समोर काहीही असो, पॅनोरमा त्याला घर मानतो. सातमाळ्याची रांग खरोखरच घर आहे, म्हणून तिथे तो खरा ठरतो. लिलाव ही नाव आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या, लिलाव एका वाहनाकडून पुढच्या वाहनाकडे सरकतो, पहिल्या ट्रॉलीला पुकारलेला भाव दहाव्या ट्रॉलीपर्यंत टिकेलच असं नाही. महिनोन्‌महिने राबलेल्या शेतकऱ्याचं सगळं त्या काही मिनिटांच्या क्रमात असतं. चित्रात तो क्रमच उरत नाही. एक लांब, शांत, स्वच्छ आवार दिसतं.

आणि माणसं? फोन ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने चालणारा माणूस चित्रात ताणला जातो, समोरून येणारा आक्रसतो. काहींचा एकच पाय उरतो, काही दोनदा उमटतात. याला या छंदात ‘भूत’ म्हणतात, आणि चांगला हौशी छायाचित्रकार ती भुतं पुसून टाकतो. व्हरांड्यातल्या चित्रात ती फार सफाईने पुसली आहेत. पुसली गेली ती कोण? पाठीवर गोणी घेऊन चाललेला हमाल, काट्याकडे लगबगीने निघालेला मापारी, ट्रॉलीमागे धावणारा शेतकरी. राहिली कोण? उभी वाहनं, पत्र्याची शेड, आणि फोटो काढताहेत म्हणून थांबलेली मंडळी. जो थांबला तो टिकला, जो राबत होता तो पुसला गेला. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, म्हणूनच ते जास्त गंभीर आहे. पन्नास वर्षांनी कुणी या चित्रावरून पिंपळगावचा बाजार समजून घेऊ लागला, तर त्याला माल दिसेल, माल वाहणारा दिसणार नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो प्राध्यापक, डोळासुद्धा जोडतोच की! खरं आहे, जोडतो. पण मान आपण वळवली हे आपल्याला ठाऊक असतं. जैन तर्कशास्त्रात प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ लावतात, म्हणजे ‘एका दृष्टीने’. दृष्टी अनेक असणं ही अडचण नाही, ‘स्यात्’ गाळणं ही अडचण आहे. पॅनोरमातला जोड हे त्याचं ‘स्यात्’ आहे. आपण शिवतो म्हणतो, पण खरं तर रफू करतो. गोधडीचा धावदोरा दिसतो आणि दिसावा अशीच ती शिवलेली असते. रफू मात्र न दिसण्यात आपलं यश मानतो.

आपल्याकडे दुसऱ्या वाटा होत्या. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगवताना एकच पात्र एकाच चित्रात अनेकदा येतं. चित्रकाराने त्याला भूत मानलं नाही, ती कथा मानली. आणि आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके! ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाचे दिवसामागून दिवस फोटो घेऊन ते अंकुराच्या वाढीच्या छोट्या चित्रपटात जोडले. जोडकामच ते. पण त्यांनी काळ लपवण्यासाठी जोडलं नाही, काळ दिसावा म्हणून जोडलं.

म्हणून हौशी मंडळींना आमची विनंती. डोंगराचा पॅनोरमा असाच काढत राहा. बाजाराचा काढाल तेव्हा दोनदा काढा, एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे. दोन्ही एकाखाली एक लावा, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ खाली लिहा, आणि भुतं पुसू नका. दोन्हींत जे सारखं उमटेल ते घर, जे वेगळं उमटेल ती नाव. कांटची कसोटी अशी मोबाइलवर लावता येते, त्याला पदवी लागत नाही. चित्र कदाचित कमी देखणं होईल. पण त्यात हमाल असेल, आणि तो दोन ठिकाणी असेल, कारण तो खरोखरच दोन ठिकाणी होता.

आम्ही इथे थांबतो.