कोशातला अर्थ कुणाचा?

शब्दाचा अर्थ सांगण्याच्या कोशकारांच्या पद्धती ठरलेल्या आहेत. प्रतिशब्द द्यायचा, व्याख्या करायची, व्युत्पत्ती दाखवायची आणि ग्रंथांतले दाखले जोडायचे. या पद्धती तटस्थ समजल्या जातात. त्या तशा आहेत काय, हे तपासले पाहिजे.

'वतन' हा शब्द घ्या. तो अरबीतून आला, मूळ अर्थ मायदेश, ही व्युत्पत्ती बरोबर आहे. वंशपरंपरेने चालणारी जमीन, हक्क, उत्पन्न ही व्याख्याही देशमुख-कुलकर्ण्यांपुरती खरी आहे. पण महारवाड्यात हाच शब्द उलटा होतो. तिथे वतन म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर आणि बलुत्याच्या धान्यावर सबंध कुटुंबाला रात्रंदिवस राबवून घेण्याची सोय. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी हजर व्हायचे. माझे आजोबा वतनाचे नाव निघाले की दाराकडे पाहत. हाक केव्हा येईल याचा नेम नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते या वेठीविरुद्ध. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. एकाचा हक्क ही दुसऱ्याची वेठ होती, हे जी व्याख्या सांगत नाही तिने बाजू घेतलेलीच असते.

खरी उणीव दाखल्यांत आहे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२-३८) जुन्या वाङ्मयातून दाखले गोळा केले. ते काम मोठेच आहे. पण दाखला लिहिलेल्याचाच मिळतो. ज्यांना अक्षर शिवू दिले नाही, त्यांच्या तोंडचा अर्थ कोशात कुठून येणार?

'दलित' या शब्दाचा प्रवास म्हणूनच अभ्यासण्यासारखा आहे. मोल्सवर्थने तो संस्कृत शब्द म्हणून नोंदवला. अर्थ, फुटलेले, तुकडे झालेले. कुणी फोडले, हा प्रश्न त्या नोंदीत नाही. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया अशी माणसांची नावे घेऊन व्याख्या केली, आणि पिळवणुकीची राजकीय, आर्थिक व धार्मिक कारणेही सांगितली.

दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) आपल्याजवळ लिखित दाखलेही आहेत. या आत्मकथनांतले शब्द वाक्यांसह उतरवून काढणे, म्हाताऱ्या माणसांना विचारून अर्थ पडताळणे, हे काम आपल्या महाविद्यालयांतून सुरू होऊ शकते. त्याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. वही पुरते.