‘इथली माणसंच शिस्तीची!’ : एका लाडक्या वाक्याची उलटतपासणी

दर उन्हाळ्यात आपल्या मंडळाच्या एखाद्या दुपारच्या कार्यक्रमात एक भाषण ठरलेले असते. वक्ते म्हणजे नुकतेच देशातून आलेले कुणाचे तरी वडील किंवा सासरे. यंदा ते माझे सासरे होते. सांगलीला बँकेत उभी हयात गेलेली, आवाज खणखणीत. ते म्हणाले, “काल माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शाळेची पिवळी बस थांबली, तिची लाल पाटी बाहेर आली, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी! पोलीस नाही, शिट्टी नाही, काही नाही. मंडळी, इथली माणसंच शिस्तीची!” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सासरे होते.

पण हे वाक्य गेली कित्येक वर्षे मला छळते आहे. अमेरिकेच्या मराठी प्रवासवर्णनांत ते हमखास सापडते, आपल्या अंकांतल्या लेखांत सापडते, आणि त्याचे जुळे भावंड, “आपली माणसं काही सुधारायची नाहीत”, हे तर प्रत्येक पॉटलकच्या जेवणात ताटात वाढलेलेच असते. वाक्य साफ खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. माझी तक्रार अशी की ते उच्चारले की विचार थांबतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात शंभर माणसांनी तेच चुकीचे बटन दाबले, तर त्यांच्या संस्कारांची चौकशी करीत नाहीत. आधी तो स्क्रीन कोणी बनवला ते पाहतात.

पिवळ्या बसचेच घ्या. थांबलेल्या बसला ओलांडून जाणे प्रत्येक राज्यात गुन्हा आहे. दंड होतो, परवान्याच्या नोंदीत शेरा पडतो आणि विम्याचा हप्ता चढतो. एवढे असूनही २०२३ साली देशभरातल्या बसचालकांनी एकाच दिवसाची नोंद ठेवली, तेव्हा साठ हजारांवर गाड्या थांबलेल्या बसला ओलांडून गेलेल्या आढळल्या. सासऱ्यांनी पाहिली ती शिस्त खरीच होती, पण तिच्यामागे पोलीस नव्हता हे खरे नव्हे. पोलीस विम्याच्या बिलात बसलेला होता.

सीटबेल्टची गोष्ट याहून बोलकी आहे. पट्टे गाड्यांत १९६० च्या दशकापासून आहेत. तरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लावणारे अमेरिकन शेकडा पंधरासुद्धा नव्हते. हीच ती ‘शिस्तीची’ माणसे! सक्तीचा पहिला कायदा १९८४ साली न्यूयॉर्क राज्याने केला आणि मग एकेक राज्य मागोमाग गेले. आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर लोकांनी १९८६ च्या निवडणुकीत मतदान करून हा कायदा चक्क रद्द करवला. तो परत आला १९९४ साली. आज देशात दर दहांतले नऊ जण पट्टा लावतात. मधल्या काळात अमेरिकन माणसाची जात बदलली नाही, की घराघरांतून नवे संस्कार झाले नाहीत. आणि अजून शंका असेल तर ९३ क्रमांकाच्या महामार्गाने तासभर उत्तरेला जा. न्यू हॅम्पशायर हे एकच राज्य असे, की जिथे प्रौढांना पट्ट्याची सक्ती नाही. भाषा तीच, दुकाने तीच, पुष्कळदा माणसेही तीच, कारण अर्धी मंडळी तिथे राहून नोकरीला इकडे येतात. तरी पट्टा लावण्यात ते राज्य देशात तळाशी असते. त्यांच्या नंबर प्लेटवर ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा’ असे ब्रीद छापलेले असते. काही जण ते फार शब्दशः घेत असावेत.

खुद्द माझे सासरे इथे तीन महिने मागच्या सीटवर बसूनसुद्धा न सांगता पट्टा लावत. परत गेल्यावर त्यांचा फोन आला, तेव्हा मी मुद्दाम विचारले, “विमानतळावरून टॅक्सीत पट्टा लावलात ना?” ते हसले. “अरे, ते सगळे सीटच्या कव्हरखाली गेलेत. इथे मागे कोण लावतं?” मागच्या सीटचा नियम तिथेही पुस्तकात कधीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याविना गेले, तेव्हा पुष्कळांना तो नियम प्रथमच कळला. नुसता छापलेला कायदा आणि बिलात उतरलेला कायदा यांत हे अंतर आहे. सासऱ्यांचा स्वभाव मात्र विमानात काही बदलला नसणार.

प्रामाणिकपणाचेही असेच. १९८६ च्या करसुधारणा कायद्यात एक किरकोळ वाटणारे कलम होते. पाच वर्षांवरच्या प्रत्येक अवलंबिताचा सोशल सिक्युरिटी नंबर आयकराच्या फॉर्मवर लिहायचा. तोपर्यंत नुसते नाव चालत असे. हे कलम लागू झाले त्या पहिल्याच करवर्षी, १९८७ साली, देशातल्या फॉर्मांवरून सुमारे ७० लाख अवलंबित अदृश्य झाले! त्यांतली काही मुले घटस्फोटित आईबापांनी दोन्हीकडे दाखवलेली असतील, काही जन्मालाच आली नसतील. आपण ज्यांच्या सचोटीचे गोडवे गातो त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच ही मुले. फॉर्मवर एक रकाना वाढवल्याने जे काम झाले, ते चर्चमधल्या शेकडो रविवारांच्या प्रवचनांनी झाले नव्हते.

इथे कोणी हुशार वाचक मला अडवील, आणि अडवावेच. मग संस्कृती काहीच नाही का? आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वकिलातींतल्या अधिकाऱ्यांना पार्किंगचा दंड वसूल होण्यापासून संरक्षण होते. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ या काळातल्या न भरलेल्या दंडांच्या पावत्या तपासल्या. त्या दीड लाखांवर निघाल्या, रक्कम १ कोटी ८० लाख डॉलर्सच्या वर. ज्या देशांत भ्रष्टाचार अधिक, त्यांच्या अधिकाऱ्यांच्या पावत्या सर्वसाधारणपणे अधिक; नॉर्वे-स्वीडनच्या मंडळींची एकही नाही. म्हणजे कायद्याचा हात पोचत नाही तिथे माणूस आपल्या गावचे वळण घेऊन येतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००२ च्या अखेरीस थकबाकीदारांच्या खास नंबर प्लेट्स काढून घ्यायला सुरुवात झाली आणि न भरलेल्या दंडांचे प्रमाण जवळजवळ ९८ टक्क्यांनी उतरले. वळण होते, ते एका स्क्रूड्रायव्हरने सरळ झाले. या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग सांगून थांबणारे लोक मला नेहमी भेटतात. दुसरा अर्धा मलाच सांगावा लागतो.

आतापर्यंतचे वाचून वाटेल की मी कायद्याची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. कायदा माणसाला जसा पट्टा लावायला शिकवतो, तसाच तो माणसाच्या तोंडातले शब्दही काढून घेतो.

हे मला त्याच उन्हाळ्यात कळले. सासऱ्यांना घेऊन किराणा आणायला गेलो होतो. परत निघताना गाडी मागे घेतली आणि मागून जाणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या गाडीच्या दाराला धडकलो. चूक सर्वस्वी माझी. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, डावे मनगट उजव्या हाताने धरलेले. “चुकलं माझं” एवढे शब्द अगदी ओठांवर आले होते. आणि विम्याच्या पत्रकातली ओळ आठवली, ‘अपघातस्थळी चूक कबूल करू नका’. मी लायसन्स काढले, नंबर दिला, त्यांचा घेतला, फोटो काढले. सगळे नियमानुसार. बाईंना बसायला सांगितले की नाही तेही आठवत नाही. घरी येईपर्यंत सासरे काही बोलले नाहीत. मग जिना चढताना म्हणाले, “त्या तुझ्या आईच्या वयाच्या होत्या. साधं ‘चुकलं’ म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?”

काय बिघडले असते ते मी त्यांना समजावू लागलो आणि अर्ध्यावर थांबलो.

नंतर मी याविषयी थोडे वाचले. १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या एका राज्य सिनेटरची मुलगी सायकलवरून जाताना मोटारीखाली सापडून गेली. चालक कधीच भेटायला आला नाही. माफी मागितली तर ती कोर्टात कबुली ठरेल, या धास्तीने त्याने तोंड उघडले नव्हते. त्या बापाला मुलीच्या मरणाइतकेच हे मौन खुपले. त्यातून १९८६ साली मॅसॅच्युसेट्सने देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा केला. अपघातात सापडलेल्या माणसाच्या वेदनेबद्दल कोणी सहानुभूती दाखवली, तर ती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. पुढे तीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले, त्यांतले बरेचसे डॉक्टरांसाठी. माणसाने माणसाला ‘तुम्हांला लागलं, वाईट वाटलं’ म्हणावे यासाठी विधिमंडळाला ठराव करावा लागला! आणि मी त्याच राज्यात इतकी वर्षे राहून तो कायदा मला ठाऊक नव्हता. ‘लागलं का हो तुम्हांला? फार वाईट वाटलं’ हे मी बिनधास्त म्हणू शकत होतो. भीतीचा नियम पत्रकावर छापून घरी येतो, धीराचा नियम कायद्याच्या पुस्तकात पडून राहतो. इथली माणसे कोरडी, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या कोरडेपणात किती भाग स्वभावाचा आणि किती वकिलाचा, हे निदान विचारावे.

आता सगळ्यांत अवघड भाग. अमेरिकनांना लावलेली ही मोजपट्टी आपण स्वतःला लावतो का?

आपण मराठी माणसे इथे आल्यावर किती हुशार, किती कष्टाळू, किती पापभीरू, हे आपण एकमेकांना अधिवेशनात सांगतो. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० माणसांना इथे स्थायिक व्हायला परवानगी होती. १९६५ च्या कायद्याने दार उघडले, पण दारात चाळणी लावली. नात्यागोत्यावर येणारे सोडले, तर डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांना आधी आत घेतले. चाळणीतून खाली आलेल्या पिठाने आपल्या बारीकपणाची फुशारकी मारावी, तसे आपले चालते. कोंडा मागे राहिला तो चाळणीमुळे.

पापभीरूपणाचेही तसेच. मी २०१० पासून जवळजवळ अकरा वर्षे एच-वन-बी व्हिसावर होतो. नोकरी गेली तर देशात राहण्याचा हक्कच जातो. साठ दिवसांची सवलत २०१७ पासून आहे, त्याआधी तीही नव्हती. मालक बदलला तर ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख राखता येते, पण कामगार खात्याचे सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून. आणि दरवर्षीच्या कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला ७ टक्के ही मर्यादा असल्याने भारतीयांची रांग हनुमानाच्या शेपटासारखी वाढत जाते. त्या काळात एकदा आमच्या प्रॉडक्टच्या चाचण्या अर्ध्याच झाल्या असताना ‘पूर्ण’ असा शेरा मारून माल बाहेर गेला. मी पाहिले आणि गप्प बसलो. वार्षिक मूल्यमापनात माझ्याबद्दल ‘शांत, सहकार्याची वृत्ती’ असे लिहून आले. बैठकीत आवाज चढवायचे ते गोरे सहकारी. मीही मनाशी म्हणत असे, आपले संस्कारच तसे नाहीत.

माझी बायको मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. झालेली. एच-फोरवर असल्याने २०१५ पर्यंत तिला नोकरीची मुभा नव्हती. भोंडल्याच्या कार्यक्रमात एकजण कौतुकाने तिला म्हणाल्या, “घरासाठी तुम्ही करिअरचा केवढा त्याग केलात!” ती हसून गप्प राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, “त्याग करायला आधी हातात काही असावं लागतं.”

ग्रीन कार्ड आल्यानंतर महिनाभरात मी एका बैठकीत ठणकावून सांगितले की या चाचण्यांवर मी सही करणार नाही. माझा वरिष्ठ चकित होऊन म्हणाला, “तुला झालंय तरी काय?” काय झाले होते ते माझ्या पाकिटात होते.

त्याच बैठकीत नागपूरचा एक तरुण माझ्या शेजारी बसला होता. अपुऱ्या चाचण्यांची यादी त्यानेच मला आदल्या रात्री पाठवली होती. बैठकीत तो एक शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये मी जरा चिडूनच विचारले, “निदान मान तरी डोलवायचीस.” तो किल्ली चाळवत क्षणभर उभा राहिला.

“दादा,” तो म्हणाला, “माझी रांगेतली तारीख २०२१ ची आहे.”