ययातीचे वंचित पुत्र : ‘राजमाला’ आणि रतनपूरची वंशकथा

त्रिपुराच्या माणिक्य घराण्याचा बंगाली पद्येतिहास ‘राजमाला’ पंधराव्या शतकात धर्ममाणिक्याच्या आज्ञेने शुक्रेश्वर व बाणेश्वर या पंडितांनी रचावयास घेतला, अशी परंपरा आहे. त्यात हे घराणे ययातिपुत्र द्रुह्यूचे वंशज ठरते. रायपूरच्या उत्तरेस राज्य करणारे रतनपूरचे कलचुरी स्वतःला हैहय, म्हणजे यदूचे वंशज म्हणवीत. दोघेही चंद्रवंशी, हे साम्य वरवरचे होय. महाभारतात यदू व द्रुह्यू हे पित्याचे वार्धक्य नाकारून राज्यास मुकलेले पुत्र आहेत. सिंहासन पूरूला लाभते. वैभवासाठीच वंशावळ रचावयाची, तर शापित पूर्वज कशासाठी?

याचे उत्तर भूगोलात सापडते. द्रुह्यूचे निर्वासन किरातभूमीतील राज्याला पौराणिक कारण पुरविते. वा. वि. मिराशी यांनी १९५५ च्या कलचुरी लेखसंग्रहात संपादिलेल्या जाजल्लदेवाच्या रतनपूर शिलालेखातही (इ. स. १११४) हीच योजना दिसते. कोकल्लाच्या अठरा पुत्रांपैकी ज्येष्ठ जबलपूरजवळील त्रिपुरीचा राजा होतो; एका कनिष्ठाच्या वंशातील कलिंगराज दक्षिण कोसल जिंकून तुम्माण येथे स्थिरावतो. केंद्रापासूनचे अंतर येथे लपविलेले नाही; ते अधिकाराचे मूळ ठरविले आहे.

मात्र ‘राजमाले’त पंडितांना पूर्ववृत्त सांगणारा चंताई दुर्लभेंद्र हा चौदा देवतांचा स्थानिक मुख्य पुजारी आहे. रतनपूरच्या संस्कृत प्रशस्तीत असा निवेदक नाही. म्हणून ‘राजमाला’ केवळ संस्कृतीकरणाचा दाखला मानणे अपुरे आहे. पुराणातील वंश स्वीकारतानाही भूमीची स्मृती कोणाच्या मुखी होती, हे ती विसरत नाही.